डिमेन्शियाच्या माणसाला घरी सांभाळताना स्वतःचं मन कसं सांभाळायचं

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालं की डॉक्टर गोळ्या लिहून देतात, एमआरआयचा रिपोर्ट फाइलमध्ये जातो, आणि घरी आल्यावर आठवडाभरातच कळतं की गोळ्या वेळेवर देणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कठीण असतं ते तासाभरात दहादा "आज वार कुठला?" ऐकणं. ज्या सासूबाईंचं सगळं हातावर करतो, त्यांनीच शेजारणीला "ही मला जेवायला देत नाही" असं सांगणं त्याहून कठीण. ही मार्गदर्शिका त्या घरातल्या मुख्य सांभाळणाऱ्या माणसासाठी आहे. बहुतेक ठिकाणी ती सून, मुलगी किंवा बायको असते, काही ठिकाणी नवरा किंवा मुलगा.

"संयम ठेवा" हा सल्ला सगळेच देतात आणि तो कुणाच्याच कामी येत नाही. संयम किती उरेल हे झोप किती झाली, पोटात काही आहे का आणि बदलीला कुणी आहे का यावर ठरतं. त्यामुळे खालच्या बऱ्याच पायऱ्या दिवसाची मांडणी बदलण्याच्या आहेत.

पायरी १: "मुद्दाम करतात" हा विचार आधी तपासा

सांभाळणाऱ्याच्या रागाचं मूळ बहुतेक वेळा या एका समजुतीत असतं. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, आणि त्यात मेंदूचा नवी आठवण साठवणारा भाग लवकर बिघडतो. पाच मिनिटांपूर्वी दिलेलं उत्तर त्यांच्याकडे साठलेलंच नसतं, म्हणून त्यांच्यासाठी प्रत्येक वेळचा प्रश्न पहिलाच असतो. पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न मात्र तपशिलासकट आठवतं, आणि त्यामुळे घरच्यांना वाटतं की "हवं तेव्हा बरं आठवतं".

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो पाहुणे आल्यावर. भाऊ वर्षाने येतो, अर्धा तास बसतो. आई त्याच्याशी छान बोलते, "ये, बस, चहा घेतोस ना?" म्हणते, आणि जाताना तो म्हणतो, "आई तर ठणठणीत आहे की!" डॉक्टरांसमोरही असंच होतं. अगत्याची वाक्यं आयुष्यभराच्या सवयीची असतात, ती उशिरापर्यंत टिकतात. त्यात माणूस थोडा वेळ सगळा जोर लावून स्वतःला सावरतो. पाहुणे गेल्यावर तो थकून जातो आणि चिडचिड तुमच्या वाट्याला येते. दूरच्या नातेवाइकांना पटवायचं असेल तर वाद घालू नका, त्यांना सलग दोन दिवस आणि एक रात्र मुक्कामाला बोलवा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रसंग विसरला जातो, पण त्या प्रसंगाने आलेली भीती किंवा बरं वाटणं बराच वेळ मागे राहतं. सकाळी आंघोळीवरून ओरडाओरडा झाला तर कारण आठवत नसतानाही दुपारपर्यंत त्या बिथरलेल्या असतात.

पायरी २: सात दिवसांची वही

शंभर पानी साधी वही घ्या. रोज रात्री दहा मिनिटं बसून त्या दिवसातले दोन-तीनच कठीण प्रसंग लिहा. प्रत्येकाचं एवढं लिहायचं: किती वाजले होते, त्याआधी काय चाललं होतं, त्यांनी काय केलं, मला काय वाटलं आणि ० ते १० मध्ये किती, मी काय केलं. पानाच्या वर त्या दिवशीची तुमची झोप किती तास झाली आणि दुपारचं जेवण किती वाजता झालं तेही लिहा.

"मला काय वाटलं" इथे एकच शब्द लिहायचा, आणि "वैताग" हा शब्द टाळायचा, कारण त्याखाली बरंच काही दडतं. राग? अपमान? भीती? किळस? एकटेपणा? उपाय त्या शब्दाप्रमाणे बदलतो. अपमान असेल तर शेजाऱ्यांशी बोलावं लागेल, किळस असेल तर हातमोजे आणावे लागतील, एकटेपणा असेल तर यातलं काहीच पुरणार नाही.

वही फसते ती एकाच कारणाने: तिच्यात फक्त रुग्णाच्या तक्रारी लिहिल्या जातात आणि स्वतःचा रकाना रिकामा राहतो.

आठव्या दिवशी सगळी पानं एकत्र वाचा. बहुतेक घरांत प्रसंग दिवसभर विखुरलेले नसतात. ते ठरावीक वेळांना गोळा झालेले दिसतात: आंघोळ, संध्याकाळ, आणि रात्री एक ते तीन. संध्याकाळचंच उदाहरण घेऊ. दिवेलागणीला अस्वस्थता वाढणं या आजारात नेहमीचं आहे. नेमक्या त्याच वेळी मुलं क्लासहून येतात, कुकर लागतो, टीव्हीवर बातम्या सुरू होतात. वही पाहून बदल करायचे ते असे: स्वयंपाकाची चिराचिरी दुपारी चारच्या आत, साडेचारला त्यांना खाणं आणि तुम्हालाही, अंधार पडायच्या अर्धा तास आधी घरातले सगळे दिवे, बातम्या बंद, आणि साडेपाच ते सात घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्यांच्याजवळ बसणं किंवा त्यांना खाली फेरी मारून आणणं. एवढ्याने सगळं मिटत नाही, पण दहापैकी आठचा राग पाचवर येतो, आणि पाचवर असताना माणसाला स्वतःला थांबवता येतं.

पायरी ३: राग चढतोय तेव्हा

चढता राग अंगावर आधी दिसतो. जबडा आवळतो, आवाज वर जातो, हातातलं भांडं आपटलं जातं. तुमची खूण कोणती ते वहीत लिहून ठेवा. ती दिसली की वाक्य पुरं करायला थांबू नका.

आधी तीन गोष्टींवर नजर टाका: गॅस बंद, बाहेरच्या दाराला कडी, आणि रुग्ण खुर्चीत किंवा पलंगावर नीट बसलेला. मग ठरवून ठेवलेलं एकच वाक्य, रोज तेच: "मी पाणी घेऊन येते." दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीत जा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा. बाहेर सोडणं लांबवलं की छातीतली धडधड कमी व्हायला लागते. सगळं मिळून दोन मिनिटं लागतात. परतताना खरंच पाण्याचा पेला घेऊन या, समोरून या, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा आणि मघाचा विषय पुन्हा काढू नका. "आता सांगा, मघाशी असं का केलंत?" इथेच दुसरं भांडण सुरू होतं.

कधी हात उगारला गेला किंवा उगारावासा वाटला, तर तो तुमचा तोल संपत आल्याचा इशारा आहे. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि त्याच दिवशी काही तासांसाठी दुसरा माणूस आणा. रुग्णाला पलंगाला बांधणं, खोलीत कोंडून बाहेर जाणं, झोपेची गोळी मनाने वाढवणं ही तीन कामं थकव्याच्या भरात होतात, आणि तिन्हींतून पडणं, घुसमट, हाड मोडणं असं काहीतरी ओढवतं.

पायरी ४: आरोप आणि "मला घरी जायचंय"

चोरीचा आळ बहुतेक वेळा सर्वांत जास्त सेवा करणाऱ्यावरच येतो. वस्तू ठेवल्याची आठवण नाही, वस्तू जागेवर नाही, आणि समोर सतत तुम्हीच. मेंदू रिकामी जागा जे सापडेल त्याने भरतो. "मी कशाला घेऊ तुमचे पैसे!" हे कितीही खरं असलं तरी त्यांना ते चोराचं उत्तर वाटतं. त्याऐवजी असं म्हणा: "पैसे सापडत नाहीत म्हणजे काळजी वाटणारच. चला, दोघी मिळून शोधू." लपवायच्या जागा वहीत लिहून ठेवा: उशीचा अभ्रा, साड्यांच्या घड्या, तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागे. दहा-वीसच्या नोटा घातलेलं एक दुसरं पाकीट तयार ठेवलं तर रोजचा शोध लवकर संपतो. खरे दागिने आणि बँकेची कागदपत्रं मात्र भावंडांच्या देखत यादी करून लॉकरमध्ये ठेवा. पुढे हा आळ नात्यांतून परत येऊ नये यासाठी ती यादी लागते.

शेजाऱ्यांना आधीच, घटना घडायच्या आत, सांगून टाका: "आईंना डिमेन्शिया आहे. जेवल्याचं त्या विसरतात. तुमच्याकडे आल्या तर वाद न घालता मला फोन करा." वॉचमन आणि कोपऱ्यावरच्या वाण्यालाही हेच. "म्हातारचळ लागलाय" असं कुणी म्हणेल या भीतीने घरं दारं लावून घेतात, आणि त्या बंद दारामागे सांभाळणारी बाई सगळ्यात आधी कोलमडते.

स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणणाऱ्या माणसाला पत्ता दाखवून उपयोग नाही. भीती वाटतेय, लघवीला लागलीय, कंटाळा आलाय किंवा माहेरची आठवण येतेय, यातलं काहीही त्यामागे असतं. "घरी कोण कोण आहे?" असं विचारून बोलतं करा, मग हात धरून गॅलरीपर्यंत एक फेरी. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईची वाट पाहत असतील तर "ती कधीच गेली" हे रोज सांगू नका. त्यांना ती बातमी प्रत्येक वेळी नवी असते आणि त्या प्रत्येक वेळी नव्याने रडतात. "तुमच्या आईच्या हातचं काय आवडायचं?" एवढं पुरतं. आपण खोटं वागतोय ही बोचणी अनेकांना लागते. इथे कसोटी एकच ठेवा: हे त्यांना शांत करण्यासाठी चाललंय की आपली सुटका करून घेण्यासाठी? पहिलं असेल तर मनाला लावून घेऊ नका.

पायरी ५: अपराधीपणा, किळस आणि सुटकेची इच्छा

रात्री आडवं पडलं की दिवसभराचं बोललेलं आठवतं. वहीत दोन प्रश्न लिहा: "त्या वेळी, तेवढ्याच झोपेवर, मला वेगळं वागता आलं असतं का?" आणि "उद्या त्यातलं काय दुरुस्त करता येईल?" पहिल्याचं उत्तर हो असेल तर सकाळी हात हातात घेऊन "काल मी ओरडले, चुकलं माझं" म्हणा. त्यांना काल आठवत नसेल, पण स्पर्श आणि सूर पोचतो, आणि तुमचंही ओझं उतरतं. उत्तर नाही असेल तर प्रश्न व्यवस्थेचा आहे, तो पायरी ७ मध्ये न्या.

लघवी-शौच साफ करताना किळस येणं याला प्रेमाचा अभाव समजू नका. हातमोजे, मास्क, खाली अंथरायची शीट आणि झाकणाची वेगळी बादली एका टोपलीत कायम तयार ठेवा. ऐनवेळी शोधाशोध झाली की किळसेत राग मिसळतो. मुलाने आईला किंवा सुनेने सासऱ्यांना आंघोळ घालायची वेळ आली तर दोघांनाही लाज वाटते. मांडीवर मोठा टॉवेल राहू द्या, "आता पाठीवर पाणी घालतोय" असं प्रत्येक कृतीआधी सांगा, आणि तरीही जड जात असेल तर आंघोळीपुरता मदतनीस ठेवा. पूर्ण आंघोळ रोज झालीच पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा आंघोळ आणि बाकीचे दिवस अंग पुसून घेणं चालतं. लघवी-शौचाची जागा मात्र रोज, दर वेळी स्वच्छ हवी.

"आता सुटावं यांनी" असा विचार येतो आणि पाठोपाठ माणूस स्वतःला राक्षस समजतो. दीर्घ आजार सांभाळणाऱ्या पुष्कळ लोकांच्या मनात हा विचार येऊन जातो. बहुतेकदा त्याचा अर्थ "मी थकलोय" एवढाच असतो. मनात न ठेवता एका विश्वासू माणसाजवळ मोठ्याने बोला. विचार सतत येऊ लागला, किंवा स्वतःलाच संपवावं असं वाटू लागलं, तर पायरी ८ आजच.

पायरी ६: माणूस समोर असतानाचं दुःख

या दुःखाला कुणी भेटायला येत नाही, त्याचे दिवस होत नाहीत. नवरा समोर बसलेला असतो, पण निर्णय विचारायला, रुसायला, थट्टा करायला तो उरलेला नसतो. अमेरिकेतल्या कुटुंब-समुपदेशक पॉलीन बॉस यांनी शरीराने हजर आणि मनाने दुरावलेल्या माणसाविषयीच्या या दुःखाचा वेगळा अभ्यास केला. यात शेवट नसल्यामुळे मन दुःख धरूही शकत नाही आणि सोडूही शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून "अजून असं का वाटतं मला?" हा प्रश्न स्वतःला छळण्यासाठी वापरू नका.

करण्यासारखं दोन तऱ्हेचं आहे. जे गेलं ते नावानिशी बोलून दाखवा: "आता हिशेब मी बघते, आणि त्याचं मला वाईट वाटतं." आणि जे उरलंय त्याच्यासाठी रोज पंधरा मिनिटं ठेवा, ज्यात गोळी, जेवण, स्वच्छता यातलं काहीच करायचं नाही. अभंग, ओव्या, जुन्या रेडिओवरची गाणी अनेकांना बोलणं अडखळल्यावरही शब्दांसकट येतात. पाढे, शेंगा सोलणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या हेही हातात बराच काळ राहतं. वाती वाकड्या झाल्या तर होऊ द्या.

पायरी ७: घरातली वाटणी

खरं सांगायचं तर सांभाळणाऱ्याचा खोलवरचा राग पुष्कळदा रुग्णावर नसतोच. तो न आलेल्या भावंडांवर, "तुझ्या आईचं तू बघ" म्हणणाऱ्या नवऱ्यावर असतो. तो मनात धरून ठेवला की रुग्णावर निघतो.

एका आठवड्याची कामं तासांसकट कागदावर मांडा, रात्रीची उठउठसुद्धा. मग सगळ्यांना एका वेळी, परदेशातल्यांना व्हिडिओ कॉलवर, पाऊण तासासाठी बसवा. "जरा मदत करा" म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि कुणी येत नाही. मागणी अशी हवी: "दर रविवारी सकाळी नऊ ते एक तू आईजवळ." लांबच्या भावंडाकडे औषधांची ऑर्डर, विमा, अटेंडंटचा पगार, आणि पेन्शनरांचा दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला सोपवा. तो मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनही देता येतो.

"तीन महिने थोरल्याकडे, तीन धाकट्याकडे" ही आपल्याकडची जुनी पद्धत या आजारात सहसा नुकसान करते. नव्या घरात संडास सापडत नाही, रात्री माणूस भिंती चाचपडत फिरतो, आणि रुळेपर्यंत पुन्हा हलवायची वेळ येते. रुग्णाला एका जागी ठेवून पाळी माणसांनी बदलावी.

तुमच्यासाठी रोज अर्धा तास आणि आठवड्यातून एकदा सलग चार तास घराबाहेर, याखाली तडजोड नको. हे चार तास बँकेत आणि रेशनच्या रांगेत घालवले तर ते सुट्टीत धरू नका. ब्युरोकडून मावशी किंवा अटेंडंट घेताना ओळखपत्र, पोलिस पडताळणी, सुट्टीच्या दिवशी बदली कोण आणि डिमेन्शियाचा अनुभव हे विचारा. पहिला आठवडा रोज दोन तास तुमच्यासोबतच ठेवा आणि "नर्स आणलीय" ऐवजी "या मला मदत करायला येतात" अशी ओळख करून द्या. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हाकलून लावणं अपेक्षितच आहे. तेवढ्यावरून प्रयोग सोडू नका.

रात्रीचं जागरण एकट्याने काढू नका. दोन माणसं असतील तर दहा ते दोन आणि दोन ते सहा अशी वाटणी करा, आणि झोपणाऱ्याने दुसऱ्या खोलीत झोपावं. त्यांचा दुपारनंतरचा चहा बंद, दुपारची झोप अर्ध्या तासाची, झोपण्याआधी बाथरूम. तरीही रोज जाग येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

गोंधळ तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम वाढला, तर "आजार पुढे गेला" असं मानून हताश होऊ नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, दुखणं, नवी गोळी यांनी असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कारण सापडलं की पुष्कळदा उतार पडतो.

पायरी ८: स्वतःसाठी मदत कधी

सलग दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटणं, आवडीच्या कशातच मन न लागणं, संधी मिळूनही झोप न येणं, भूक मरणं, विनाकारण रडू येणं किंवा दारू वाढणं, यातलं काही असेल तर फॅमिली डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रुग्णाच्या अपॉइंटमेंटला जोडून "माझंही बघा" म्हणू नका, स्वतःच्या नावाने केसपेपर काढा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांविषयीच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून याच आजारावर काम करते. तिच्या जवळच्या शाखेत सांभाळणाऱ्यांचा गट चालतो का, याची चौकशी करा.

अशा मदतीने खरंच फरक पडतो का? गोव्यात ८१ कुटुंबांबरोबर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थानिक, प्रशिक्षण दिलेले सल्लागार सहा महिने घरी जात राहिले. ते आजाराची माहिती द्यायचे, कठीण वागण्यावर मार्ग सुचवायचे, ऐकून घ्यायचे. ज्या घरी ते गेले, तिथल्या सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण इतरांपेक्षा कमी झाला. लंडनमध्ये आठ बैठकींच्या 'स्टार्ट' कार्यक्रमातही असाच परिणाम दिसला. त्या बैठकींतही कठीण वागण्याची नोंद ठेवणं, ताण उतरवणं आणि रोज थोडा आनंदाचा वेळ ठरवणं यांवर भर होता.

"मलाही हे होणार का?" ही भीती बहुतेकांच्या मनात असते. आईवडिलांना उतारवयात झाला म्हणजे मुलांना होईलच असं नाही. थेट वारशाने येणारे प्रकार दुर्मीळ आहेत आणि ते सहसा कमी वयात सुरू होतात. तुमच्या हातात आहे ते रक्तदाब, साखर, ऐकू येणं, चालणं आणि तंबाखू. तुमच्या स्वतःच्या तपासणीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

एखाद्या दिवशी निवासी केंद्राचा निर्णय घ्यावा लागला किंवा माणूस गेला, तर हायसं वाटणं आणि रडू येणं एकदमच होतं. कित्येक आठवडे रात्री दोनला जाग येत राहते, कान त्यांच्या हाकेकडे असतात. या काळात घर लगेच रिकामं करू नका, मोठे व्यवहार दोन-तीन महिने पुढे ढकला, आणि ज्या गटात किंवा समुपदेशकाकडे जात होता तिथे जाणं निदान तेवढे महिने तरी चालू ठेवा.